नाल्याला पाणी चढल्याचा मेसेज

"मॅडम, मी नाल्यावर येऊन उभा आहो. पलीकडं कोनीच नाई."

ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर वासुदेवभाऊ फोनवर होते. सकाळचे दहा वाजले असतील. मी चंद्रपूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात होते आणि ते गडचिरोलीच्या पार आतल्या भागात. आम्ही बनवलेलं ॲप नवीन होतं, म्हणून पहिले काही दिवस 'अडचण' या बटनामागे माझाच नंबर ठेवला होता.

"आशाबाईंना मेसेज गेला असेल ना?" मी विचारलं.

"मले आला, म्हणून मी आलो. त्याह्यले आला का नाई, मले का माहीत? फोन लागून नाई राह्यला."

"पाणी किती आहे?"

"रपट्यावर घोट्याच्या वर आलं. चढूनच राह्यलं. घंटाभरानं बाईमाणसाले उतरवता नाई येनार."

पलीकडच्या गावात रुपी नावाची पहिलटकरीण होती. दिवस भरत आले होते. नाला एकदा भरला की रपटा, म्हणजे त्यावरचा ठेंगणा पूल, बुडतो आणि त्या गावाचा रस्ता दोन-चार दिवस बंद असतो. म्हणून पाणी चढायला लागलं की तिला आधीच अलीकडे आणून दवाखान्यात ठेवायचं, असं ठरलं होतं. आमचं ॲप त्याचसाठी होतं.

ॲपचं काम सांगायला सोपं आहे. उपकेंद्रातली सिस्टर फोनवर 'नाल्याला पाणी चढतंय' हे बटन दाबते. त्यावर तीन गोष्टी व्हायला हव्यात. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविकेला, म्हणजे आशाबाईंना, एसएमएस जावा, म्हणजे त्या गरोदर बाईला घेऊन नाल्यावर येतील. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला फेरी मिळावी. आणि दवाखान्याच्या स्क्रीनवर एक खाट राखून ठेवल्याचं दिसावं. या तीन कामांचे तीन वेगळे प्रोग्रॅम होते.

आधी हे प्रोग्रॅम एकमेकांना थेट हाक मारायचे. एक अडकला की तिन्ही अडकायचे. म्हणून मी मधे मेसेज ब्रोकर बसवला. ब्रोकर म्हणजे पोस्ट ऑफिस समजा. सिस्टरचा मेसेज तिथे येतो, एका पेटीत पडतो आणि ज्याचा त्याने उचलून न्यायचा. या पेटीला आम्ही क्यू म्हणतो. एखादा प्रोग्रॅम बंद पडला तरी त्याचा मेसेज पेटीत थांबतो, हरवत नाही. मी हे सगळं लावून, तपासून सहा दिवसांपूर्वीच सुरू केलं होतं.

वासुदेवभाऊंना फोनवर ठेवूनच मी एसएमएसचं पॅनल उघडलं. रुपीच्या गावच्या आशाबाईंचं नाव लक्ष्मीबाई. त्यांच्या नंबरवर सकाळपासून एकही मेसेज गेलेला नव्हता. मी हाताने टाइप करून पाठवला.

"आता पाठवला, भाऊ. पण त्या बघतील का, सांगता येत नाही."

"थांबा. पलीकडं एक जण जाळं लावून राह्यला. त्याले आवाज देतो."

फोन चालूच होता. पावसाच्या आवाजात भाऊंच्या हाका ऐकू येत होत्या. आधी मराठीत, मग गोंडीत. थोड्या वेळाने ते परत फोनवर आले. "गेला तो. सायकल हाय त्याच्यापाशी. गाव दोन किलोमीटर हाय."

आता वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. रिकामं बसवेना, म्हणून मी ब्रोकरचं पॅनल उघडलं. तिथे सगळं हिरवं. सर्व्हर चालू. एकही मेसेज अडकलेला नाही. एकही एरर नाही. सिस्टरचा सकाळचा मेसेज आला होता आणि पोचवला गेला होता.

मग मला एक आकडा दिसला. क्यू एक. त्यावर ऐकणारे प्रोग्रॅम तीन.

तीन प्रोग्रॅमना तीन क्यू हवे होते. ब्रोकरने मेसेजच्या तीन प्रती करून प्रत्येकाच्या पेटीत एक टाकायची. आमच्या धंद्यात याला फॅनआउट म्हणतात. मी पहिल्या प्रोग्रॅमची सेटिंग लिहिली, तीच बाकी दोघांसाठी कॉपी केली, सगळं बदललं आणि क्यूचं नाव बदलायचं विसरले. तिघं एकाच पेटीवर उभे होते. अशा वेळी ब्रोकर प्रती करत नाही. त्याला वाटतं, हे तिघं एकच काम वाटून घेतायत. मग तो खेळातले पत्ते वाटल्यासारखा एक मेसेज याला, पुढचा त्याला देत राहतो. आजचा मेसेज ॲम्ब्युलन्सच्या वाट्याला आला. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काहीच नाही.

तपासताना हे का सापडलं नाही? कारण मी एका वेळी एकच प्रोग्रॅम चालू करून तपासलं होतं. पेटीवर एकटाच उभा असेल तर प्रत्येक पत्र त्यालाच मिळणार.

पाऊण तासाने फोन वाजला.

"आल्या, मॅडम. लक्ष्मीबाई बी हाय, रुपी बी हाय. तिचा नवरा न् तो जाळंवाला, दोघांनी धरून आनलं. गाडीत बसली आता."

मी "बरं" एवढंच म्हणाले.

आमचे बॉस उराडे सर तोवर माझ्या टेबलाशी येऊन उभे होते. त्यांना सगळं सांगितलं.

"बाई सुखरूप आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग डॉक्टर मॅडमना सांगून टाक, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. त्या भागात कोणालाही पटेल."

"पटेल सर, म्हणूनच नको. नेटवर्क म्हटलं तर त्या पुढच्या वेळीही नेटवर्कच समजतील."

सरांनी टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लाव फोन. स्पीकरवर ठेव."

दवाखान्याच्या डॉ. शेंडे मॅडमनी मधे न बोलता ऐकून घेतलं. चूक माझी आहे, हेही मी सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"सहा दिवसांत याआधी किती मेसेज असे अर्धवट गेले?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. उत्तर होतं, सगळेच. ब्रोकरमधून मेसेज एकदा उचलला गेला की तो तिथून नाहीसा होतो. पण सिस्टरने दाबलेल्या प्रत्येक बटनाची नोंद आमच्या डेटाबेसमध्ये होती. आम्ही दोघांनी ती यादी आणि एसएमएसची यादी शेजारी ठेवली. रुपीच्या गावाखेरीज आणखी तीन गावं अशी निघाली, जिथे आशाबाईंना काहीच गेलं नव्हतं. मी तिथल्या बायकांची नावं वाचत गेले आणि पलीकडे डॉक्टर मॅडम वॉर्डात विचारत गेल्या.

"पहिली इथेच आहे, खाट नंबर चार. दुसरी कालच आली." मग त्यांनी दुसऱ्या फोनवरून सिस्टरला विचारलं. "तिसरी माहेरी, मूल गावाला गेली आहे. सिस्टरने स्वतः पाठवलंय."

उराडे सर खुर्चीत बसले. तोपर्यंत ते उभेच होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

हे तिघींच्या बाबतीत जमलं कसं? सिस्टर रोज संध्याकाळी वही घेऊन बसायची आणि ज्याचा निरोप आला नाही त्याला फोन करायची. फोन लागला नाही तर दुधवाल्याच्या हाती चिठ्ठी द्यायची. माणसं इतक्या नेटाने काम करत होती की सॉफ्टवेअर ते करत नाही, हे कोणाला कळलंच नाही.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. तीन क्यू, तीन नावं, प्रत्येकावर एकच प्रोग्रॅम. तपासायला मात्र दुपार गेली. या वेळी तिन्ही प्रोग्रॅम एकदम चालू ठेवले, मग एकेक मधेच बंद पाडला, परत चालू केला. बंद असताना आलेला मेसेज त्याला नंतर मिळतो का, तेही बघितलं. मिळत होता.

रुपीला दोन दिवसांनी मुलगी झाली. नाला तेव्हा भरून वाहत होता.

पंधरा दिवसांनी मी दवाखान्यात ट्रेनिंगला गेले, तिथे लक्ष्मीबाई भेटल्या. मी माफी मागितली. त्यांना त्यात फारसा रस नव्हता.

"तुमचा हातानं पाठवलेला मेसेज मी सांजच्याले वाचला," त्या म्हणाल्या. "धानाचा रोवना सुरू होता. फोन थैलीत, थैली वावराच्या धुऱ्यावर. कुठी ऐकू येते? मेसेज मले धाडा, आन शाळेच्या मास्तरले बी धाडा. एकाचं तं ध्यान राहील."

मी तिथेच बाकावर लॅपटॉप उघडला. मास्तरांसाठी चौथा क्यू लावला. बाकी तीन प्रोग्रॅमना हात लावावा लागला नाही. ब्रोकर बसवण्याचा खरा फायदा मला त्या बाकावर बसून कळला. मेसेज मिळाल्यावर एक आकडा दाबून 'वाचला' असं कळवायची सोयही पुढच्या आठवड्यात केली. पंधरा मिनिटांत कोणीच कळवलं नाही, तर सिस्टरच्या फोनवर त्या गावाचं नाव लाल होतं.

पॅनलवर हिरवं दिसणं म्हणजे ब्रोकर खूश आहे, एवढंच. तेव्हापासून मी पॅनल नंतर बघते. आधी नाल्यापलीकडच्या माणसाला फोन करून विचारते, काय आलं तुमच्याकडे? उरलेल्या पावसाळ्यात असे कितीतरी मेसेज गेले. सगळे जिथल्या तिथे पोचले, म्हणून त्यातला एकही मला आठवत नाही. आमच्या कामात याहून चांगली पावती मिळत नाही.