जिचा हात धरायचा नव्हता

तुळसाबाईचे हात बारा महिने गरम असायचे. नवरा नत्थू भिलाई-३च्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होता. थंडीत ड्युटीवरून आला की आधी तिचे हात शोधायचा, मग चहा.

"पोलादाच्या गावात राहून राहून तू भी भट्टीच झाली," म्हणायचा.

"मंग तुमी कावून नाई वितळून राहिले?" ती म्हणायची.

कोहक्याच्या वाटेवर एका ट्रस्टचं लहानसं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं, तिथे ती आया होती. फरशी पुसायची, भांडं द्यायची, रक्ताचे कपडे भिजत घालायची. आणि ज्याचा पगार नव्हता तेही करायची. कामातून सवड मिळाली की कळा देणाऱ्या बाईजवळ घडीभर जाऊन बसायची. लेबर रूममध्ये घरच्यांना येऊ देत नसत. आई, सासू, बहीण, सगळ्या बाहेर कडुनिंबाखाली. आत सिस्टर येऊन पाहून जात, डॉक्टर येऊन पाहून जात. त्या खोलीत येणं होतं, जाणं होतं. राहणं मात्र कुणाचंच नव्हतं.

तिथला वेळ वाहत नाही, साचतो, असं तुळसाबाईला वाटायचं. भिंती हिरवट, पंखा सुस्त. बाया बोलता बोलता मधेच कुठे तरी निघून जात, डोळे उघडेच ठेवून. संध्याकाळी पोलादाच्या प्लांटमध्ये तापलेला स्लॅग, भट्टीतली वितळलेली मळी, ओतला की खिडकीतलं आभाळ एकाएकी लाल व्हायचं. कळ आणि ती लाली एकदम आली की एखादी विचारायची, हे बाहेर झालं की माझ्या आत? तुळसाबाई सांगायची, "बाहेर, बाहेर. तू फक्त इकडं पाय माह्याकडं." बाई तिच्याकडे पाहायची, आणि जिथे गेली होती तिथून थोडी परत यायची.

डॉ. रत्नमाला अमरावतीच्या. बारीक, कमी बोलणाऱ्या. बाहेरच्या देशांत कुणी तरी तपासून पाहिलं होतं की शेवटपर्यंत एक बाई सोबत बसली तर सुटका लवकर होते, चिमटे लावून मूल ओढायची वेळ कमी येते. त्यांनी ट्रस्टच्या कमिटीला सांगितलं, घरची एक बाई आत येऊ द्या. कमिटी म्हणाली, गर्दी होईल, जंतू येतील. तिकडचं तिकडे, इथला पुरावा आणा.

मग एका सकाळी डॉक्टरांनी तुळसाबाईला निळा एप्रन दिला आणि समोर बंद पाकिटांचा डबा ठेवला.

"दाखल होणाऱ्या प्रत्येकीला मी सगळं समजावून विचारणार. हो म्हणाली की एक पाकीट उघडायचं. 'सोबत' निघालं तर तुम्ही शेवटपर्यंत तिच्याजवळ. 'नेहमीसारखं' निघालं तर जायचं नाही."

"अन् ते रडली तं?"

"तरी नाही."

"कावून पण बाई?"

"सगळ्यांजवळच बसलात तर कमिटी म्हणेल, या बायका तशाही नीटच सुटल्या असत्या. मी कुणाशी ताडून पाहू?"

"मंग जे जास्त घाबरली, तिच्यापाशी बसतो मी."

"तसं आपण निवडलं, की घाबरलेल्या सगळ्या एका बाजूला जमतील. म्हणून पाकीट. त्याला कुणी ओळखीचं नसतं."

शीला सिस्टर इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे अर्ध्यांच्या नशिबी तुळसाबाई आणि अर्ध्यांच्या नशिबी मी. बिचाऱ्या!"

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फरक दिसला तर ते दार सगळ्यांसाठी उघडेल. नाही दिसला तर बंदच राहील, आणि मग मला पुन्हा कुणी विचारू देणार नाही."

तुळसाबाईने एप्रन बांधला. तिची स्वतःची पहिली वेळ अशाच एका खोलीत, भिंतीकडे तोंड करून गेली होती. दार उघडायला हवं हे तिला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती.

सुरुवातीला जमलं. 'नेहमीसारखं' निघालं की ती कपडे धुवायला मागे जायची आणि नळ मोठा सोडायची.

मग जया आली. तिच्या बहिणीची मुलगी, तुमसरची, प्लांटच्या सेक्टर वसाहतीतल्या एका क्लार्कच्या घरी दिलेली. पहिलीच खेप. डॉक्टर विचारतील तेव्हा हो म्हण, असं तुळसाबाईनेच तिला सांगून ठेवलं होतं. "देव काय आपल्याले उलटं पाकीट देईन?"

पाकीट उलटंच निघालं.

दुपार होती. उन्हात सगळं हॉस्पिटल झोपेत चालल्यासारखं चालत होतं. पडद्यामागून जयाचा आवाज आला, "मावशी, आहे का वो तू?" लहानपणी पाहुणी यायची तेव्हा दुपारी झोपेतून उठून असंच विचारायची.

तुळसाबाई उभी राहिली. तिला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी सरळ वाटली की आधी कशी सुचली नाही याचंच नवल वाटलं. नियम एप्रनवालीला होता. तिने एप्रन सोडला, नीट घडी घातली, बाकावर ठेवला. आता ती आया नव्हती, मावशी होती. मावशी पडदा सारून आत गेली.

आत जयाने तिचा हात असा धरला की बांगडी पिचली. पुढची दुपार तुळसाबाईला नीट आठवत नाही. दोघी एका नदीत उभ्या असल्यासारख्या होत्या. पाणी छातीपर्यंत चढायचं, उतरायचं, चढलं की ती म्हणायची, "पाय टेकून आहेत पोरी, टेकूनच आहेत." जया म्हणायची, "तू सोडू नको." आभाळ लाल व्हायच्या आधीच मुलगी झाली. टाका नाही, चिमटा नाही.

शीला सिस्टरनी नाळ बांधता बांधता तिच्या साडीकडे पाहिलं. "एप्रन कुठं गेला?"

"बाहेर आहे. मी ड्युटीवर नव्हती."

"वा! उद्या मीही टोपी काढून घरी जाते," सिस्टर म्हणाल्या. पण आवाज नेहमीइतका धारदार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाईने आपणहून, पेढा देता देता डॉक्टरांना सांगितलं. एप्रन काढल्याचं विशेष सांगितलं. डॉक्टरांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"आता ही 'नेहमीसारखं'मध्येच मोजली जाईल, तुळसाबाई."

"कावून? मी तं बसली होती तिच्यापाशी. सोबतीच्या बाजूला टाका."

"जी ज्या पाकिटात पडली तिथेच मोजायची. आपण नावं इकडून तिकडे हलवायला लागलो, तर आपल्याला हवं ते निघेपर्यंत हलवतच बसू."

"मंग काढूनच टाका तिले."

"काढताही येत नाही."

तुळसाबाईने पेढ्यांचा पुडा बांधायला घेतला. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. जयाची ती सुखाची सुटका एकट्या ठेवलेल्यांच्या बाजूला जमा झाली होती. एकटं ठेवलं तरी बाया अशाच सहज सुटतात, असं ती दुपार आता सांगणार होती.

"म्हणजे मी जितकी चांगली बसली, तितकं वाईट केलं?"

"एकदा झालं तर पचेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण वरचेवर झालं तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतील. मग जवळ बसून काही होत नाही, असं आपणच सिद्ध केलेलं असेल." मग त्यांनी पेढा खाल्ला. "मुलगी कुणावर गेली?"

त्यानंतर तुळसाबाईने दोन वेळा तो निळा एप्रन परत द्यायचं मनात आणलं. दिला नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा कुम्हारीहून तारा नावाची एक बाई आली. हातावर गोंदण, कपाळावर घाम, सोबत फक्त नवरा, तोही बाहेर. पाकीट उघडेपर्यंत तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ बसलेली तुळसाबाई पाहून घेतली होती. शेजारची सुटली, तिला वॉर्डात नेलं. ताराचं पाकीट 'नेहमीसारखं' निघालं होतं, पण कळांच्या भरात तिला वाटलं, आता आपली पाळी.

"दाई," ती म्हणाली, "मोर मेर बइठ ना." आई, माझ्याजवळ बस ना.

तुळसाबाई पडदा ओढून बाहेर बाकावर आली. तारा पुन्हा पुन्हा बोलावत राहिली. रागाने नाही, ऐकू गेलं नसेल अशा समजुतीने, दर वेळी थोडं मोठ्याने.

शीला सिस्टर येता-जाता दोनदा थबकल्या. "मागे जाऊन बसा ना, तुळसाबाई. नळ सोडा. इथं कशाला ऐकत बसता?"

"नाई सिस्टर. तिकडं गेली तं मले वाटंल, ते गप्प झाली."

हात मांड्यांखाली दाबून ती बसून राहिली. एप्रन अंगावर होता. काढून ठेवला तरी ही बाई आपली कोणीच लागत नाही, हे तिला कळत होतं. आपल्या पोरीसाठी मोडलं आणि परकीसाठी पाळतो आहोत, हेही कळत होतं. एकदा ती उठली आणि पडद्यापर्यंत गेली. आतली हाक अगदी जवळून आली, स्वतःच्याच गळ्यातून आल्यासारखी. पडदा वाऱ्याने फुगला, तिच्या तोंडाला लागला, परत गेला. ती तिथेच उभी राहिली. मग डॉक्टर घाईने आत शिरल्या, चिमटे मागवले गेले, आणि बऱ्याच वेळाने एक दमलेलं रडू ऐकू आलं. मुलगा. दोघंही ठीक.

पाकिटाचा नियम तिथे संपत होता. तुळसाबाई पाणी घेऊन आत गेली.

तारा तिच्याकडे बघत राहिली. "कहाँ रहे, दाई?"

"इहें रहेंव," तुळसाबाई म्हणाली. इथेच होते. खरं होतं ते.

तारा पाणी प्यायली. तुळसाबाईने हात पुढे केला, तेव्हा तिने रिकामा पेला त्यात ठेवला आणि बाळाकडे कूस वळवली.

पुढच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी तुळसाबाईला खोलीत बोलावलं. मोजदाद झाली होती. फरक दिसत होता, कमिटीलाही दिसला होता. आता प्रत्येकीबरोबर घरची एक बाई आत जाणार होती. डॉक्टर पहिल्यांदाच भरभरून बोलत होत्या. चिमटे किती कमी, तास किती कमी. खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर आलं होतं.

"ते कुम्हारीवाली तारा कोणत्या बाजूले मोजली, बाई?"

"नेहमीसारखं."

"अन् आमची जया?"

"तीही तिथेच. तुम्हाला सांगितलं होतं ना."

तुळसाबाईने मान हलवली. तिला एक लांबच लांब हिरवट खोली दिसली. तीत दोन्ही खाटा शेजारी शेजारी होत्या. एकीवर जया निवांत झोपली होती. दुसरीवरची जागी होती, दाराकडे पाहत होती. मधे एका माणसाला बसता येईल एवढी जागा होती.

"पाणी देऊ का?" डॉक्टरांनी विचारलं. "तुळसाबाई, कुठे गेलात?"

"इथंच आहे," ती म्हणाली.