कोटवाल्याला साडेआठ

इंद्रजीतला सिनेमाचा नाद लागला तो बापामुळं. साहेबराव महापालिकेत पाणीपुरवठ्याला लाइनमन होते. कुठल्या गल्लीत नळ कधी सुटणार हे त्यांच्या हातातल्या चावीवर ठरायचं, त्यामुळं थेटरचा डोअरकीपरसुद्धा त्यांना बघून खुर्चीवरनं उठायचा. सुटीच्या दिवशी पोराला पुढं घालून ते दुपारच्या शोला न्यायचे आणि येताना रस्ताभर वाद घालायचे. हिरोनं आधीच का ओळखलं नाही, व्हिलनचं तरी काय चुकलं, शेवटी रडलेली बाई खरी रडली की ग्लिसरीन. त्या पायपिटीत पोराला सवय लागली, सिनेमाचा निकाल लावल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरेना.

पुढं तो आयटीआय करून चितेगावच्या एका कारखान्यात तपासणी खात्याला लागला. मापात न बसणारा नग उचलायचा आणि लाल पेटीत टाकायचा, हे काम. सुपरवायझर म्हणायचा, ह्याच्या नजरेतून केसभर चूक सुटत नाही. पण कारखान्यात त्याचा जीव रमत नव्हता. त्याचा जीव शहरात, कॅनॉट भागातल्या एका चहाच्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या मेजावर होता.

नवा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी पहिला शो बघून चौघं तिथं जमत. गंगापूरकडच्या बागायतदाराचा मुलगा शिवराज, शहरात प्लॉटिंगचा धंदा करणारा, मोठ्या आवाजाचा आणि तितक्याच मोठ्या मनाचा. दातांची डॉक्टर तनुजा. गणिताचे क्लास घेणारे बद्रीनाथ सर. आणि इंद्रजीत. चौघांचं मिळून 'मागची रांग' नावाचं एक पान होतं इंटरनेटवर, आणि शहरातली कॉलेजची पोरं ते वाचून तिकीट काढायची की नाही ते ठरवत.

मेजाची एक रीत होती. दहापैकी मार्क एकच द्यायचा, चौघांचा मिळून. एकाचं जरी पटत नसलं तरी उठायचं नाही, चहावर चहा मागवत भांडायचं आणि एका आकड्यावर यायचं. मग इंद्रजीतनं लिहायचं, कारण लिहिणं त्याचंच चांगलं होतं. आणि दुसरा नियम, तोही इंद्रजीतनंच घातलेला : मेजावर फक्त सिनेमा. घर घरी ठेवून यायचं. जात, गाव, पक्ष, नातीगोती, काही काढायचं नाही.

हा नियम त्यानं का घातला हे कुणी विचारलं नाही. गारखेड्यात भाड्यानं खोली बघायला गेला तेव्हा घरमालकानं आधी पाण्याचा ग्लास दिला, मग पूर्ण नाव विचारलं, मग खोलीत आपला भाऊच राहायला येणार आहे म्हणून सांगितलं. कारखान्यातही नवा माणूस आला की दोन दिवसांत आडनाव काढून घेई. मेजावर तो नुसता इंद्रजीत होता, आणि त्याला कुणी आडवं आलं तर ते त्याच्या मताला आडवं यायचं. दहा वर्षं झाली, ह्या एका जागेसाठी माणूस आठवडाभर लोखंडाचे नग मोजत बसू शकतो.

तर त्या शुक्रवारी 'कोटवाला'चा तिसरा भाग लागला. परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला. गर्भश्रीमंत घरचा एक पोरगा अंधार पडला की काळा कोट घालतो, गच्च्यांवरून उडतो आणि चोरांना फोडून काढतो. पहिल्या दोन भागांत एवढंच होतं. ह्या भागात तो एका गल्लीत चुकीच्या माणसाला बडवतो. भलताच माणूस, कामावरून घरी निघालेला. मग कोटवाल्याला पश्चात्ताप होतो, तो गच्चीवर बसून राहतो, मागं व्हायोलिन वाजतं, आणि लोक म्हणतात, काय डार्क सिनेमा आहे!

"नऊ," शिवराजनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. "दहा देनार व्हतो, पन जरा लांबलाय. असला पिच्चर दहा वर्षांत झाला नाय. हिरो चुकतो राव! हिरो चुकलेला दाखवायला जिगर लागती."

"नऊ," तनुजा म्हणाली. "तो गच्चीवरचा सीन. तो काहीच बोलत नाही, आणि तरी सगळं कळतं."

बद्रीनाथ सरांनी चष्मा पुसला आणि नऊच म्हटलं. मग तिघं इंद्रजीतकडं बघायला लागले, कारण निकाल त्याच्याकडूनच पक्का व्हायचा.

"तीन," इंद्रजीत म्हणाला.

शिवराज हसला. "हाना तिच्यायला! आलं आमचं तपासणी खातं. बोल, कुठं माप चुकलं?"

"त्या माणसाचं पुढं काय झालं?"

"कोनत्या?"

"ज्याला मारलं त्याचं. तो गल्लीत पडला, कॅमेरा वर गेला कोटवाल्याच्या तोंडावर, आणि तिथंच राहिला. त्याला उचललं कुणी? घरी कुणी नेलं? त्याची बायको दार उघडून काय म्हणाली? त्याला नाव तरी आहे का सिनेमात?"

"अरे, तो एक्स्ट्रा आहे," शिवराज म्हणाला. "त्याची स्टोरी नाय ना ती."

"तेच म्हणतोय मी. मार खाल्ला त्यानं आणि दुःख झालं ह्याला. आपण तीन तास कुणासाठी हळहळलो? मारणाऱ्यासाठी."

"पण हिरोचा अपराधीपणा हाच विषय आहे," तनुजा म्हणाली. "सगळ्या बाजू एका सिनेमात कशा येतील? हा दोन वर्षांपूर्वी आला असता तर ह्याच सीनला तू उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्यास."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून इंद्रजीतला झोंबलं. तो उगाच कपातली साय बोटानं बाजूला करत बसला. दुसरा चहा आला, तिसरा आला. तो दिग्दर्शनात चुका काढत होता, प्रकाशयोजनेत काढत होता, आणि त्याचं त्यालाच कळत होतं की ह्या सगळ्या फालतू आहेत. बद्रीनाथ सर एकेक चूक बोटावर मोजून खोडून काढत होते. खरी गोष्ट त्याच्या दातांमागं बसलेली होती आणि तिच्यापुढं त्याचाच नियम उभा होता.

"आणि खरं सांगू का," शिवराज पुढं सरकला, "चुकून एखादा सुक्यासोबत ओला जळतो. पन दहशत बसती ना! आमच्या गावात त्या ड्रोनच्या टायमाला आमी जागलीवर व्हतो तर एक कोंबडी चोरीला गेली नाय. तुमीच तर फोटोवर काय काय लिहिलं व्हतं."

लिहिलं होतं. ते वर्ष मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. रात्री आभाळात ड्रोन फिरतात, घरं हेरतात आणि मागून चोर येतात, अशी आवई उठली आणि गावोगाव पोरं काठ्या घेऊन बसली. शिवराजनं काळ्या जर्किनमधला, हातात काठी घेतलेला फोटो ग्रुपवर टाकला होता. त्याखाली 'गंगापूरचा कोटवाला' असं लिहिणारा माणूस इंद्रजीतच होता. त्यानंतरच्याच आठवड्यात साहेबराव लेकीकडं गेले.

इंद्रजीतनं कप खाली ठेवला.

"माझ्या वडिलांना मारलं होतं," तो म्हणाला. "त्याच महिन्यात."

आणि तो भराभर सांगत सुटला, थांबलो तर पुन्हा जमणार नाही अशा घाईनं. बहीण करुणा देवगाव रंगारीच्या पुढं एका खेड्यात दिलेली. भाच्याचा वाढदिवस. इंद्रजीतनंच गुलमंडीवरून खेळणं आणलेलं, रिमोटवर उडणारा कोटवाला, डोळ्यांत लाल दिवे. सेल आधीच घालून दिले, पोराला लगेच उडवता यावा म्हणून. एसटी उशिरा पोचली, गावातली लाइट गेलेली, आणि साहेबराव फाट्यावरून बांधाबांधानं चालत निघाले. पिशवीत कळ दाबली गेली असणार. जागलीवरच्या पोरांना शेतातून लुकलुकत येणारा लाल दिवा दिसला.

"विचारलंच नाही कुणी आधी. पिशवीतून ते खेळणं निघालं, तर त्यालाच ड्रोन म्हणून नाचवलं. पप्पांनी स्वतःचं नाव सांगितलं, जावयाचं सांगितलं. नाव ऐकून मार थांबला की वाढला, ते पप्पा अजून नीट सांगत नाहीत. हात दोन जागी मोडला. तक्रारीत मारणारे अज्ञात. मग तीपण मागं घेतली, कारण करुणाला तिथंच नांदायचंय. ज्यांनी मारलं ते तिच्या दारावरून रोज जातात, राम राम घालतात."

त्याला एवढंच हवं होतं की कुणीतरी विचारावं, आता कसा आहे हात. दुसरं काही नको होतं. दहा वर्षांच्या मैत्रीकडं माणसानं याहून कमी काय मागावं?

तनुजा टेबलाकडं बघत "ओह गॉड" म्हणाली. शिवराज लालबुंद झाला. तो वाईट माणूस नव्हता. इंद्रजीतच्या लग्नात त्यानं रात्रभर वाढपाची धावपळ केली होती. पण आता त्याला वाटलं की आपल्यावर काहीतरी आलं, आणि आलेलं झटकायला म्हणून तो बोलून गेला.

"लई वाईट झालं, इंद्या. पन एक सांग, अंधार पडल्यावर बांधानं आलेच कशाला ते? तसल्या दिवसांत? रोडनं यायचं ना सरळ."

"शिवराज!" तनुजा म्हणाली.

"नाय, मी त्यांना दोष देत नाय. मी म्हनतो, पोरांना तरी कसं कळनार? आन आपला नियम काय हाय, इंद्या? तूच केलेला. घर घरी."

इंद्रजीतनं बद्रीनाथ सरांकडं बघितलं. सर वयानं मोठे, शब्द तोलून बोलणारे. सरांनी चष्मा पुन्हा पुसला.

"झालं ते फारच वाईट," ते म्हणाले. "आणि ते सिनेमाबाहेरचं आहे, हेही खरं. पण इंद्रजीतच्या भावनेचा मान राखला पाहिजे. मला वाटतं, नवातला अर्धा मार्क कमी करू. साडेआठ. चालेल?"

तनुजाला सुटल्यासारखं झालं. "हां, साडेआठ. चालेल की."

"चालंल," शिवराज म्हणाला, आणि त्यानं इंद्रजीतच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या पप्पांसाठी. अरे, पोह्यांचं सांगा रे इकडं एक!"

तिघांच्या चेहऱ्यावर काहीतरी चांगलं केल्याचं समाधान होतं. इंद्रजीतला चीड आली ती त्या समाधानाची. साठीच्या माणसाचा दोन जागी मोडलेला हात, आणि त्याचा भाव मेजावर एकमतानं ठरला, अर्धा मार्क. इंद्रजीतला तेव्हाच उठता आलं असतं. तीन म्हणजे तीन, असं म्हणून पोरगा उठला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण उठल्यावर जायचं कुठं? पुढच्या शुक्रवारी सिनेमा बघून कुणाशी भांडायचं? लाल पेटीत टाकायचा नग त्यानं हातात धरला, उलटसुलट केला आणि मापात बसतो म्हणून पुढं सरकवला.

"लिहितो," तो म्हणाला.

पोहे आले. त्यानं खाल्लेही.

घरी येऊन संध्याकाळच्या आत त्यानं लिहून टाकलं. आणि नेहमीसारखं छानच लिहिलं, हा त्याचा शाप होता. गच्चीवरच्या सीनवर एक पूर्ण परिच्छेद. 'अपराधाची सावली नायकाच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत जाते', असली वाक्यं त्याच्या हातून आपोआप पडतात. मार खाल्लेल्या माणसाबद्दल त्यानं एक ओळ लिहिली होती, पण ती बाकीच्याशी जुळेना म्हणून काढली.

साहेबराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दिवेलागण झाली की ते हल्ली गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा जात नाहीत. उजव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही, म्हणून फोन मांडीवर ठेवून डाव्या बोटानं वाचत होते. पोराचं लिहिलेलं ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाचून दाखवत.

"साडेआठ?" ते म्हणाले. "लई दिवसांनी दिला एवढा. म्हंजे झ्याक असनार पिच्चर."

इंद्रजीत दारात उभा होता.

"मला बी दाखव की. दुपारचा शो असंल त्याला जाऊ. लई दिवस झाले आपन दोघं गेलो नाय."

"तिकीट नाही मिळत, पप्पा," इंद्रजीत म्हणाला. "आठवडाभर फुल्ल आहे."

साहेबरावांनी मान हलवली. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला.

"असनारच फुल्ल," ते म्हणाले. "तूच तर एवढा चांगला म्हनून लिवलंय. लोक तुझं ऐकत्यात, बाळा."