टाकीची उजवी बाजू

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुमच्याकडे एवढं मोठं गॅरेज आहे, मग गाडी आणि मोटारसायकल दोन्ही बाहेर आंब्याखाली का?" आजोबा शेजारीच बसले होते. "आजीला विचारा," म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले. कॉलवर अशी गोष्ट नीट सांगता येत नाही. मध्येच चित्र अडकतं, नाहीतर तुमची शाळेची वेळ होते. म्हणून लिहिते आहे. तुमचा बाबा वाचून दाखवेल. आधी जागा सांगते, मग माणसं, मग काय झालं ते. शाळेत इंग्रजी निबंध शिकवताना मी मुलांना हाच क्रम सांगत असे आणि तो मोडावा असं मला कधी वाटलं नाही.

जागा तुम्ही पाहिली आहे. लखनौमधलं महानगरचं आपलं घर, पुढे गेट, गेटजवळ आंबा, डाव्या हाताला गॅरेज, मागे उघडं अंगण. गॅरेजला पक्कं छत आहे, शटर आहे आणि वर एक झरोका. त्या काळी त्यात आजोबांची गाडी असायची. असायची म्हणजे, असायचीच. ती फार कमी बाहेर यायची. आजोबा औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, तिथे मोटारसायकलवर जायचे आणि संस्था जानकीपुरमच्या पुढे नव्या आवारात हलली तरी त्यांनी तो नेम सोडला नाही; संध्याकाळी मोटारसायकलही गाडीशेजारी आत जायची. गाडी रविवारी सुरू करून पाच मिनिटं नुसती गुरगुरू द्यायची, मग मऊ फडक्यानं पुसायची आणि शटर ओढायचं. देवघरसुद्धा आमच्याकडे इतकं जपलं जात नव्हतं.

आता माणसं. तुमचा बाबा तेव्हा परदेशी गेला होता. घरात आम्ही दोघं आणि तुमची आत्या. आत्यानं कला महाविद्यालयाची पदवी घेतली आणि नोकरी शोधायच्या ऐवजी मेकॅनिक गल्लीतल्या एका पेंटरकडे जाऊन बसली. आधी नंबर प्लेटी, मग मडगार्ड, मग अख्ख्या टाक्या. दोन-तीन वर्षांत लोक तिला शोधत घरी येऊ लागले. कुणाला टाकीवर गरुड हवा असायचा, कुणाला ज्वाळा, कुणाला आईचं नाव सोनेरी अक्षरांत. पण तिचं मन सगळ्यात जास्त रमायचं ते लायनिंगमध्ये. टाकीच्या कडेनं जी बारीक सोनेरी रेघ जाते, ती पट्टी न लावता, टेप न चिकटवता, नुसत्या हातानं ओढायची. त्याला लांब केसांचा, बोटाएवढा ब्रश लागतो. करंगळी टाकीवर टेकवायची, ब्रश ढकलायचा नाही, ओढायचा, आणि रेघ संपेपर्यंत थांबायचं नाही. थांबलं की तिथे गाठ दिसते. मी अनेकदा उभी राहून पाहिलं आहे. ती रेघ ओढत असताना कुकरची शिट्टी झाली तरी मी गॅस बंद करायला जात नसे, पावलांचा आवाज होईल म्हणून.

अडचण धुळीची होती. आत्या मागच्या अंगणात काम करायची. उन्हाळ्यात आंधी आली की ओल्या रंगावर वाळूचा थर. फेब्रुवारीत शेजाऱ्यांच्या झाडाचा मोहोर. एका मुलाच्या लालभडक टाकीवर वरच्या पारदर्शक लॅकरच्या आत एक डास असा स्पष्ट अडकला होता की त्याचे पाय मोजता आले असते. त्या मुलानं तो तसाच ठेवायला सांगितला, पण सगळी गिऱ्हाइकं इतकी दिलदार नसतात. तीच टाकी पुन्हा घासून पुन्हा रंगवण्यात आत्याचे आठवडे जात होते. तिला बंद खोली हवी होती. घरात अशी एकच होती.

"बाबा, गाड़ी तो बाहर भी रह सकती है," ती म्हणायची. लखनौत वाढल्यामुळे ती घरातही हिंदीच बोलते.

"धूळ गाडीवरही बसते," आजोबा म्हणायचे.

"बैठने दो ना यार! गाड़ी को कौन सा दोबारा पेंट करना है?"

"मला यार म्हणू नकोस."

त्या वर्षी गणपतीनंतर आत्याला गुडगावच्या एका कंपनीनं बोलावलं. संगणकावर हेल्मेटची डिझाइनं करायची. चांगली नोकरी होती. दिवाळीपर्यंत कळवायचं होतं. तिनं आम्हाला सरळ सांगितलं, बंद जागा मिळाली तर इथेच धंदा करीन, नाही मिळाली तर हे ब्रश धुऊन ठेवते आणि जाते. ती रडली नाही, रुसलीही नाही. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात आजोबांच्या मोटारसायकलला अपघात झाला. अपघात म्हणजे काय, मला पलंगपोस हवे होते म्हणून ते अमीनाबादच्या बाजारात गेले होते. मोटारसायकल कडेला लावली होती. गर्दीत एका ठेल्याचा लोखंडी कोपरा टाकीच्या उजव्या बाजूवरून असा घासत गेला की पोचा तर पडलाच, रंग आणि सोनेरी रेघा दोन्ही निघून आल्या. ती काळी मोटारसायकल माझ्या लग्नाआधीची. तिच्यावरच्या दोन रेघा, एक जाड आणि तिला लागून एक बारीक, कारखान्यात कुण्या कारागिरानं हातानं ओढलेल्या. आजोबा पलंगपोस घेऊन आले, माझ्या हातात दिले आणि बाहेर जाऊन बराच वेळ टाकीकडे बघत उभे राहिले.

जेवताना म्हणाले, "एक प्रयोग करू."

आत्याची पोळी हातातच राहिली.

"डावी बाजू शाबूत आहे. उजवी तू रंगव. मग ज्याला ठेल्याचं काही ठाऊक नाही अशा माणसाला टाकी दाखवू. नवी बाजू कुठली हे त्याला सांगता आलं तर तू गुडगावला जा. नाही सांगता आलं तर गॅरेज तुझं. मात्र त्यानं कारण द्यायचं. नुसता अंदाज काय, नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतो."

"और जज कौन?"

"रेल्वेवाले भाऊ."

हे भाऊ म्हणजे पलीकडच्या गल्लीतले निवृत्त इंजिनियर, मूळ नागपूरचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांचा रंग पास करायचा की परत पाठवायचा हे वर्षानुवर्षं त्यांनी ठरवलं होतं. ते आणि वहिनी तेव्हा नातवाच्या बारशाला नागपुरात होते, दिवाळीला परतणार होते. त्यामुळे ठेल्याची हकिगत त्यांना माहीत नव्हती.

"बाबा, ये तो सरासर बेईमानी है! वो तो सूँघकर बता देंगे."

"सोपा परीक्षक घेऊन काय सिद्ध होणार?" आजोबा म्हणाले आणि ताक प्यायले.

मला मात्र मुळीच काळजी वाटली नाही. आत्याचा हात मी लहानपणापासून ओळखत होते. काळजी आजोबांना वाटत असावी, कारण त्यांनी टाकीकडे बघायचं नाही असं स्वतःवर बंधन घालून घेतलं. अंगणातून जाताना मान पलीकडे वळवून जायचे आणि तुळशीच्या कट्ट्याला ठेचकाळायचे.

पोचा काढणं, पुट्टी भरणं, घासणं हे झालं. काळा रंग जुळवायला वेळ लागला. जुना काळा नुसता काळा नसतो, उन्हात धरला की त्यात तपकिरी झाक दिसते. आत्यानं पत्र्याच्या तुकड्यांवर रंगाचे नमुने लावून ते दोरीवर वाळत घातले. माझ्या ब्लाउजांच्या शेजारी काळे पत्रे लोंबत असायचे. नव्या सोनेरीत तिनं तपकिरीचा थेंब घातला. शेवटच्या लॅकरलाही जरा पिवळसर केलं. रंगात आता बोट ठेवायला जागा नव्हती.

रेघांसाठी मी तिला खाका सुचवला. लखनौचे जरदोजीवाले नक्षी कापडावर उतरवताना कागदाला सुईनं बारीक भोकं पाडतात आणि वरून खडूची पूड चोळतात. तोच हा खाका. मी डाव्या बाजूच्या रेघा ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या, उशीवर ठेवून सुईनं टोचल्या, मग कागद उलटा करून उजव्या बाजूला लावला. पांढऱ्या ठिपक्यांची अगदी तंतोतंत रांग उमटली. तिच्यावरून आत्यानं रेघा ओढल्या. कुठेही थरथर नाही.

आम्ही दोघी मागे सरकून बघत राहिलो.

"आई, कुछ गड़बड़ है."

"काय गडबड आहे? तंतोतंत आहे."

"वही तो. छपा हुआ लगता है."

तिनं टर्पेंटाइनच्या बोळ्यानं रेघा पुसल्या. पुन्हा ओढल्या. पुन्हा पुसल्या. चूक दोघींनाही दिसत होती, पण बोट कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. वसुबारस गेली, धनत्रयोदशी गेली. गुडगावहून फोन आला तेव्हा "दिवाळी के बाद बताती हूँ" असं तिनं सांगितलं, तेही जरा हळू आवाजात.

नरकचतुर्दशीला आंघोळी झाल्या आणि मी गेटसमोर रांगोळी काढायला बसले. लखनौत आल्यापासून एकही दिवाळी मी उंबरा सुना ठेवलेला नाही. शेजारचे बच्चे अजूनही विचारतात, "आंटी, इस बार क्या बनेगा?" त्या वेळी समोरासमोर तोंड केलेल्या दोन मोठ्या कुयऱ्या काढल्या. आत्या चहाचा कप घेऊन आली आणि तिथेच थांबली.

"आई, इधर वाली डंठल पे मोटी है और उधर वाली नोक पे. ऐसा क्यों?"

"कारण मी डावीकडून उजवीकडे ओढते. चिमूट भरलेली असते तेव्हा रेघ जाड पडते, संपत येते तशी बारीक. डावी कुयरी देठाकडून सुरू होते, उजवी टोकाकडून. हात थोडाच उलटा चालणार आहे?"

ती चहा कठड्यावर ठेवून मागे पळाली. मी हात झटकून तिच्यामागे गेले.

तिनं टाकी स्टुलावर ठेवली होती. "देखो. आदमी दाएँ हाथ वाला. लेफ्ट साइड सामने रखी, हँडल की तरफ़ से शुरू किया, सीट की तरफ़ ख़तम. शुरू में मोटी, आख़िर में पतली. है ना?" मग तिनं टाकी गर्रकन फिरवली. आता उजवी बाजू आमच्यासमोर आली आणि सीटची बाजू डाव्या हाताला. "अब वो क्या उलटे हाथ से करेगा? वही बाएँ से दाएँ. मतलब सीट से शुरू."

म्हणजे मूळ उजवी बाजू डाव्या बाजूचं आरशातलं रूप नव्हतीच. आकार तोच, पण जाडी उलटी. माझ्या खाक्यानं आकाराबरोबर जाडीही उलटवून ठेवली होती आणि तसं तर कुणाच्याच हातून उतरलं नसतं. आत्यानं खाका घडी करून बाजूला ठेवला. ब्रश भरला, करंगळी टेकवली आणि सीटकडून हँडलकडे एका दमात ओढला. एक जाड, एक बारीक. या वेळी मागे सरकून बघायची गरजच पडली नाही.

पाडव्याला सकाळी भाऊ आणि वहिनी फराळाला आले. मी टेबलावर स्वच्छ चादर घालून मधोमध टाकी ठेवली होती, भोवती ताटल्या.

"हे काय बाप्पा," वहिनी म्हणाल्या, "चिवड्याशेजारी पेट्रोलची टाकी?"

"भाऊंसाठी खास पदार्थ आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी अट समजावून सांगितली. कशासाठी ते मात्र सांगितलं नाही, आणि स्वतः खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

भाऊंनी चकली खाली ठेवली, हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला. डावी बाजू पाहिली. टाकी फिरवून उजवी पाहिली. वाकून उजेड रंगावरून कसा घसरतो ते पाहिलं. नखानं हलकेच टकटक केलं. वासही घेतला, आणि आत्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग ते रेघांशी आले. हँडलच्या बाजूनं सीटकडे, परत फिरवून सीटच्या बाजूनं हँडलकडे.

"अहो, सांगा की लवकर, चहा थंड होतोय," वहिनी म्हणाल्या.

"सांगायचं काय त्यात?" भाऊ सरळ झाले. "डॉक्टर, तुम्ही मला बनवताय. यात नवीन काहीच नाही. एकाच माणसानं, एकाच बैठकीत ओढलेल्या रेघा आहेत. हा बघा, इकडून सुरू केली, मग टाकी फिरवून तिकडून. डब्यांवर कुणी चोरून साचा वापरला की मी यावरूनच पकडायचो. साच्याची रेघ दोन्हीकडे सारखी येते, माणसाची येत नाही."

मग आत्या एकदम ओरडली आणि वहिनींच्या हातातला लाडू सुटला.

आजोबा खिडकीपासून वळले. इतक्या दिवसांनी प्रथमच टाकीजवळ आले, दोन्ही बाजू नीट पाहिल्या. मग भिंतीवरची किल्ली काढून बाहेर पडले.

"अहो, फराळ तरी करा!" मी म्हटलं.

शटर वर गेल्याचा आवाज आला. पाठोपाठ गाडीचा. आम्ही सगळे व्हरांड्यात आलो. त्यांनी गाडी सावकाश मागे घेतली, आंब्याखाली उभी केली, उतरून तिच्यावर कव्हर घातलं, चारही टोकं खाली खेचून नीट बसवली. गॅरेजची किल्ली आत्याच्या हातावर ठेवली.

"झरोक्याला पंखा बसवून घे. रंगाचा वास छातीत जातो. आणि मास्क लावल्याशिवाय स्प्रेला हात लावायचा नाही."

"हाँ बाबा."

"नुसतं हाँ नको." मग त्यांनी विचारलं, "टाकी बसवली की माझी मोटारसायकल आता कुठे ठेवायची?"

आत्या शटरच्या आत जाऊन उभी होती. रिकाम्या भिंतींवरून तिची नजर फिरत होती, कंप्रेसर कुठे, स्टूल कुठे, दिवा कुठे. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"बाहर, बाबा," ती म्हणाली. "अंदर धूल आएगी."