तात्यांनी दाढी काढली

कल्पना करा, तुम्हाला हलायचं नाही. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर, गळ्यावर दाबून बसवली आहे. ती गार होऊन टणक झाली आहे, तिच्या कडा टेबलाला अडकवल्या आहेत. सगळे खोलीबाहेर गेलेत. आता आवंढासुद्धा बेतानं गिळा.

जन्मभर गिऱ्हाइकांना "हलू नका, कान जाईल" असं दटावणाऱ्या तात्यांवर ही वेळ आली. पंचाहत्तरी ओलांडली तरी ते दिवसभर सलूनमध्ये उभे, आणि तोंडाची टकळी कात्रीपेक्षा वेगात. तो आवाज बसला तो सुटेचना. स्वरयंत्रावर कॅन्सरची गाठ निघाली.

थोरला मुलगा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "या वयात पूर्ण उपचार कशाला? किरणांचे थोडे शेक द्या, त्रास कमी होऊ दे म्हणजे झालं."

"वय राहू दे बाजूला," बाई म्हणाल्या. "तात्या, त्या दारापर्यंत जाऊन या पाहू."

तात्या तरातरा गेले, आणि येता येता रखवालदाराला केस फार वाढल्याचं खुणेनं सांगून आले.

बाई हसल्या. "यांना पूर्ण शेक पेलतील. गाठ जाईल, आवाजही वाचेल अशी आशा आहे. फक्त मध्ये खंड नको."

पहिल्या शेकाला जाळी गळ्यावर डुगडुगायला लागली. तंत्रज्ञ मुलीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"तात्या, दाढी कुठंय?"

"काढली," तात्या घोगरले. "एवढ्या मोठ्या मशीनसमोर जायचं, तर गबाळ्यासारखं कसं जाणार?"

जाळी आधीच्या भेटीत, दाढी असताना बेतलेली होती. नवी जाळी, नवा स्कॅन, सुरुवातच लांबली. "गळ्याला वस्तरा लावायचा नाही, असं सांगितलं होतं ना?" सूनबाई म्हणाली.

"ते गिऱ्हाइकांसाठी असेल असं वाटलं."

पुढचे आठवडे मात्र हसण्यासारखे नव्हते. गळा भाजल्यासारखा झाला, पेज काट्यांसारखी टोचू लागली, आवाज पार गेला. थोरला म्हणाला, "बाबा, बास आता." तात्यांनी चपला घातल्या आणि रिक्षात जाऊन बसले. एकही शेक चुकवला नाही.

काही महिन्यांनी बाईंनी दुर्बीण घालून घसा पाहिला. गाठ नव्हती. तात्या बोलले ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या सुनेलाही ऐकू गेलं. ती उठून उभीच राहिली. थोरल्यानं डोळे पुसले, तर तात्या म्हणाले, "रडतोस काय? कल्ले वाढलेत तुझे, ये दुकानात."

बाईंनी विचारलं, "आणखी काही शंका?"

"आहे की. गाठ आणि आवाज, दोघं एकाच जागी राहणारे. एकाला घालवायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं, हे त्या किरणांना कळलं कसं?"