शाल, नारळ आणि मावशींचं गाणं

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते, त्या बाई सोव्हिएत काळातल्या प्रसिद्ध गायिका. सुरुवातीला मी त्यांना आजी म्हणाले. अर्थ कळल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी ‘मावशी’वर तडजोड झाली.

मावशी कझाकस्तानात रेडिओवर गायच्या, ट्रॅक्टरच्या कारखान्यांत गायच्या. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं सरकारी मंजुरीला गेलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी शेवटचं कडवं कापलं, कारण त्यात बाई विनाकारण रडत होती. पुढे पूर्वज जर्मन म्हणून त्या इथे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत लाँड्रीत चादरींना इस्त्री करत राहिल्या. लोकांसमोर पुन्हा गायल्या नाहीत.

त्या रविवारी ज्येष्ठांच्या क्लबात त्यांचं गाणं ठरलं होतं. शनिवारी बटाटे सोलताना म्हणाल्या, “मी नाही जाणार. आवाज गेला.”

आवाज कुठे गेला होता? रोज सकाळी मला तोच जागं करायचा. त्यांना धीर द्यावा असं वाटलं, पण कसा द्यायचा ते कळेना. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. कलावंताचा मान कसा ठेवतात, ते मी गावातल्या कार्यक्रमांतच पाहिलेलं. आईने माझ्या प्रोफेसरांसाठी दिलेली शाल काढली, एशियन दुकानातून नारळ आणला. स्वयंपाकघरातच शाल त्यांच्या खांद्यांवर घातली, नारळ हातात दिला आणि वाकून नमस्कार केला.

“हे काय?”

“तुमचा सत्कार. इतकी वर्षं गायलात म्हणून.”

“आल्झो, म्हणजे गाणं संपलं माझं?” मावशी लाल झाल्या. “आमच्याकडे पेन्शनीत निघालेल्या म्हातारीला शाल देतात! निरोप देतेस मला?”

“नाही हो मावशी, मी तर...”

“उद्या क्लबात ये. आणि ही शाल तूच घे, थंडी वाजेल तुला.”

रविवारी मी पहिल्या रांगेत शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून बसले. वरच्या सुरावर मावशींचा आवाज फाटला. त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे, मग शालीकडे रागाने पाहिलं आणि तोच सूर पुन्हा लावला. या वेळी लागला. मग त्यांनी कापलेलं कडवंही म्हटलं. शेजारचे आजोबा रुमाल शोधू लागले. विनाकारणच.

टाळ्या थांबल्यावर मावशी खाली आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल ओढून घेतली.

“आता चालेल. नारळ मात्र तुझ्याकडेच राहू दे. पुढच्या महिन्यात पुन्हा गायचंय.”