बोरीच्या देवळापुढे अण्णांनी उचललेला भंडारा

जुन्नरची लेणी आणि शिवनेरी याबद्दल लिहिणारे शंभर जण आहेत, ते त्यांचं वाचा. मी सांगतेय ती सहल एकोणीसशे पन्नासच्या दशकातली, आमच्या कॉलेजच्या नाटकाची. आज आठवली तरी मला एकटीला हसू फुटतं आणि सून विचारते, आई, काय झालं?

दिवाळीच्या सुट्टीत गावोगाव प्रयोग करायचे असं आमच्या नाटकमंडळाने ठरवलं. नाटक पोरांनीच लिहिलेलं. बाप मुलीची शाळा सोडवून तिचं लग्न ठरवतो, तिला निदान सातवी पास व्हायचंय, घरात रणकंदन माजतं आणि शेवटी ती घर सोडते. मुलगी मी. मुलीचं काम मुलीने करायचं, हीच तेव्हा केवढी क्रांती! आणि गंमत म्हणजे घरीही माझं तेच चाललेलं. सोलापूरचं स्थळ आलं होतं. माझे वडील, अण्णा, यांनी सांगून टाकलं होतं की इंटर झालीस तेवढं पुरे, बी.ए.बिए काही नाही, माघात बार उडवायचा. नाटकाला जाऊ द्या म्हणून मी जेवण सोडलं, तेव्हा म्हणाले, जा, पण मी बरोबर येणार. आणि पोस्टातून रजा काढून, छत्री काखेत मारून ते खरंच एस.टी.त येऊन बसले की हो!

खेडच्या घाटात गाडीने असा आचका दिला की पडद्यांची ट्रंक थेट अण्णांच्या मांडीवर. आम्ही हसून बेजार. अण्णाही हसले, मग आपण हसलो हे लक्षात येऊन खिडकीबाहेर बघत बसले.

पहिला प्रयोग कळंबला. माइक कुठला असायला? बापाचं काम करणारा दामू मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून असा काही ओरडला की टाळ्या भरपूर पडल्या आणि घसा पार बसला. जेवायला आम्हाला घराघरांत वाटून घेतलं होतं. गरम बाजरीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. त्या चवीची भाकरी मला पुन्हा कुठे मिळाली नाही. तुम्ही गेलात तर हॉटेलात शिरू नका, कुणाच्या तरी ओळखीने घरी जेवा.

दुसऱ्या दिवशी जुन्नर. तिथल्या जडीबुटी विकणाऱ्या अत्तारचाचांनी दामूला ज्येष्ठमध दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि दोन दिवस तोंड उघडायचं नाही असा दम भरला. जुन्नरचा प्रयोग बुडाला. आम्ही बाजार पालथा घातला, मुलं शिवनेरी चढून आली, पण आमचा दिग्दर्शक सदानंद डोकं धरून बसलेला. बोरीचा प्रयोग कसा करायचा? मग त्याची नजर अण्णांवर गेली. सगळ्या तालमी अण्णांनी कोपऱ्यात पेपर वाचत ऐकल्या होत्या. शिवाय पाठांतर हवं कशाला, तीच वाक्यं ते मला रोज घरी ऐकवत. अण्णांनी आधी साफ झटकून टाकलं. पण बोरी बुद्रुकला पोचल्यावर पाहिलं, तर आसपासच्या वस्त्यांवरून लोक गाड्या जुंपून आलेले. त्यांना हात हलवत परत पाठवणं अण्णांच्या जिवावर आलं. त्यांनी कोट काढला आणि दामूचं मुंडासं डोक्यावर चढवलं.

प्रयोग खंडोबाच्या देवळापुढे, दुपार कलल्यावर. अण्णा काय रंगले म्हणून सांगू! मला इतकं खरंखुरं झापलं की मी खरंखुरं रडले. तिकडची रीत अशी, की भांडण चव्हाट्यावर आलं की नुसतं बघत बसायचं नाही, मध्ये पडून मिटवायचं. एक पागोटेवाले आजोबा सरळ ओट्यावर चढले.

"पावणं, पोरगी काय वंगाळ मागत न्हाई. शिकू द्या की."

अण्णांनी नाटकातलंच वाक्य फेकलं, "शिकवली तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजी आमीच की. आमी काय बी म्हणत न्हाई."

सगळं देऊळ हसलं. तेवढ्यात एक म्हातारी गाभाऱ्यातून बेलभंडाऱ्याचं ताट घेऊन आली आणि अण्णांपुढे धरलं. म्हणाली, शिकवीन अशी शपथ घ्या आणि उचला. सदानंद पडद्याआडून हातवारे करतोय, की नाटक पुढे न्या, तिला घर सोडायचंय. अण्णा मात्र पांढरेफटक. खंडोबा आमचं कुलदैवत.

माझ्याकडे वाकून ते हळूच म्हणाले, "सुमे, हा भंडारा खरा आहे गं."

  अण्णांनी ताटाला हात जोडले. मग भंडारा उचलला, माझ्या कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बी.ए. होईपर्यंत हिच्या लग्नाचं नाव काढणार नाही."

लोकांनी असा भंडारा उधळला की आम्ही सगळे पिवळे झालो. सदानंद तेवढा चिडलेला. शेवटचा अंक गेला तो गेलाच, वर सातवीच्या पोरीला बी.ए. कुठून आलं? मी म्हटलं, घाबरून चुकले असतील बिचारे. परतीच्या गाडीत आम्ही घसे फाटेस्तोवर गाणी म्हटली. अण्णा झोपेचं सोंग घेऊन बसले होते.

घरी आल्यावर अण्णांनी सोलापूरला नकार कळवला. आई खवळलीच. म्हणाली, नाटकातली शपथ कुणी पाळतं का? अण्णा म्हणाले, भंडारा नाटकातला नव्हता. मी बी.ए. झाले, मास्तरीण झाले, लग्नही माझ्या वेळेने केलं. बोरीला मात्र परत जाणं झालं नाही. तुम्ही नारायणगावला उतरून नक्की जा.

पुढे अण्णा थकल्यावर एकदा मी त्यांना चिडवलं, की त्या म्हातारीने ताट पुढे केलं नसतं तर मी गेले असते सोलापूरला. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"ताट तिने धरलं, खरंय. पण नाटकात सातवीच होती, सुमे. बी.ए. म्हणायला मला कुणी सांगितलं होतं?"