डाळीतले पाठभेद

अमरावतीच्या देवानंद बोंडे यांचा गुन्हा एकच. त्यांनी रिद्धपूरच्या जुन्या पोथ्यांमधल्या पाठभेदांवर पीएच.डी. केली. शिक्षा म्हणून चौदा वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. शेवटी बायकोनं, आरतीनं, बजावलं, "दिवाळीपर्यंत कायमची नोकरी धरा, नाही तर माह्या भावाच्या मळ्यात वांग्याले पाणी द्याले बसा."

त्याच आठवड्यात अकोल्याचे दालमिलमालक शेखरभाऊ यांना त्यांच्या सीएनं सांगितलं, की मिलमध्ये संशोधन विभाग काढून उच्चशिक्षित माणूस ठेवला, तर त्या खर्चावर करात सवलत मिळू शकते. शेखरभाऊंना 'सवलत' तेवढं ऐकू आलं. जाहिरात निघाली : 'पीएच.डी. पाहिजे. विषय कोणताही.'

"कायच्यात केली पीएच.डी.?" मुलाखतीत शेखरभाऊंनी देवानंदांना विचारलं.

"पोथ्यांच्या पाठभेदांत."

"त्यात तूर येते काय?"

"शोधावी लागेल."

"मंग त्यालेच तं संशोधन म्हणतात! कराचे साहेब तपासाले येऊन जाऊ द्या, सवलत पास झाली की तुमाले कायम करतो."

पांढरा कोट मिळाला, भिंगही मिळालं. देवानंदांना फुकट बसणं जमेना, म्हणून त्यांनी येत होतं तेच काम काढलं. तुरीला तेल-पाणी कसं द्यायचं, किती वाळवायची, हे मिलमधल्या प्रत्येक बाईला विचारून लिहून घेतलं. तीस वर्षं तिथं असलेल्या मैनाबाई दाणा चावून सांगत, "अजून अर्धा दिवस ऊन पाह्यजे." वहीत ते उतरे, खाली तळटीप : 'येथे पार्बताबाई "पूर्ण दिवस" म्हणतात, मात्र त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती.' आठ बायकांचे पाठ ताडून त्यांनी एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि भिंतीवर लावली. सगळ्या तिच्याबरहुकूम वागू लागल्या.

इकडे शेखरभाऊंची झोप उडाली होती. डाळ भरडताना पडणारी चुनी, म्हणजे चुरा, मिलमधून गायब होत होती. चोर पकडायला त्यांनी गोदामातल्या मोतीरामला काठी देऊन दारात बसवलं.

नागपूरहून साहेब आले. वही तळटिपांसकट वाचली, दाढेपाशी थोडे हसलेसुद्धा. मग म्हणाले, "हे विज्ञान शाखेचे नाहीत. यांचा पगार सवलतीत बसत नाही."

देवानंदांना डोळ्यांसमोर वांगी दिसली. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताच शेखरभाऊ म्हणाले, "सर, कोट ठेवून द्या." देवानंदांनी कोट उतरवला.

"काहून?" मैनाबाई सूप आपटून उठल्या. "भाऊ, तुमी चुनीचा चोर पाहून राहिले ना? हा काय उभा! यायनं लिवल्यापासून डाळ अख्खी निंघून राहिली. फुटलीच नाही तं चुनी कुठून येईन?"

शेखरभाऊ पोत्यांकडे गेले. मूठभर डाळ घेतली, दुसरी मूठ घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक दाणा गुळगुळीत, पिवळाधम्मक.

"मोतीराम," ते ओरडले, "काठी ठेव, गोदामात जाय. चोर सापडला." मग देवानंदांकडे वळून कळवळले, "अख्ख्या मिलमध्ये सवलतीत न बसणारा एक माणूस, अन् मले नेमका तोच कायम करा लागून राहिला!"

देवानंदांनी आधी आरतीला फोन लावला. नंतर कोट पुन्हा चढवला आणि नव्या पानावर लिहिलं : 'पाठभेद : चुनी का गेली, यावर मैनाबाई "लिवल्यापासून" म्हणतात, शेखरभाऊ मात्र "चोर सापडला" म्हणतात.'